रविवारी रात्री मेस बंद असते

विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला आलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात एक नियम कळतो. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट, म्हणजे पुरी-भाजी, मसालेभात, पापड आणि एखादं गोड. रात्री मेस बंद. पुण्यातल्या बहुतेक मेस अशाच चालतात आणि ते योग्यही आहे. आठवडाभर दोन्ही वेळा शेगडीपुढे उभं राहणाऱ्या माणसांना एक संध्याकाळ घरी मिळायलाच हवी. पण नव्या मुलाला घरची पहिली खरी आठवण येते ती याच संध्याकाळी. सोमवार ते शुक्रवार वर्ग, प्रॅक्टिकल, लायब्ररी यांच्यामुळे माणसं भेटत राहतात. शनिवार-रविवारची माणसं मात्र आपल्याला जमवावी लागतात. ती कशी जमवायची हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं माझ्या आधीच्या रेक्टरबाईंनी मला सांगितलेलं, काही मेस सांभाळणाऱ्या काकूंचं आणि उरलेलं मुलींच्या एकामागून एक बॅचेस पाहून उमगलेलं. गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राहणारी मुलं डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. कोल्हापूर, नागपूर, नांदेडच्या मुलांनी जागांची नावं बदलून घ्यावीत. बाकी सगळं तेच.

बेत गुरुवारी ठरवा

शुक्रवारी संध्याकाळी सातारा, नगर, नाशिककडची मुलं पाठीवर सॅक टाकून एसटी स्टँड गाठतात. मग मागे राहिलेली मुलं एकमेकांना शोधू लागतात, तोवर प्रत्येक जण आपापल्या खोलीत फोन हातात घेऊन पडलेला असतो. म्हणून गुरुवारी रात्री, मेसमध्ये ताट समोर असतानाच, शनिवार-रविवारचं बोलून घ्या. त्या वेळी सगळे समोर असतात आणि कोण घरी जाणार, कोणाचं सबमिशन आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

बेत चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुरा होत नाही: कधी, कुठे, किती पैसे आणि परत किती वाजता. ‘शनिवारी कुठंतरी जाऊ या’ असं म्हटलं की उत्तर येतं ‘बघू’, आणि ‘बघू’वर आजवर कुणी कुठे गेलेलं नाही. ‘शनिवारी साडेपाचला मेन गेट, नाटक बघायचं, तिकीट आणि खाणं धरून अडीचशे, साडेदहाच्या आत परत’ असं सांगा. समोरच्याला हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं.

माणसं थोडीच घ्या. नऊ जणांचा बेत बहुधा गेटवर वाट बघण्यातच संपतो. रिक्षात तीन बसतात, तेव्हा तीन किंवा सहा हा आकडा सोयीचा. आणि ठरल्या वेळेला निघा. एकदा निघालात की पुढच्या खेपेला सगळे वेळेवर येतात.

मागे कोण राहतं ते बघा

वसतिगृहात शनिवार-रविवारी दोन गट पडतात आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. एक, ज्यांचं घर तीन-चार तासांवर आहे. दुसरा, ज्यांना घरी जायला एक अख्खी रात्र लागते: गडचिरोलीची, किनवटची, नंदुरबारच्या धडगावकडची मुलं. दोन दिवसांसाठी त्यांना घर परवडत नाही, वेळानंही आणि पैशानंही. त्यांच्यासोबत परदेशातून आलेले विद्यार्थीही असतात. अफगाणिस्तान, इराण, येमेन, आफ्रिकेतले देश अशा लांबून मुलं इथे शिकायला येतात. त्यांना तर दिवाळीच्या सुट्टीतही निम्म्या रिकाम्या इमारतीत राहावं लागतं.

जवळ घर असलेल्यांनो, महिन्यातून एक तरी शनिवार-रविवार इथेच राहा. घर कुठे जात नाही; पण दर शुक्रवारी निघून गेलात तर शिक्षण संपेपर्यंत तुमच्या ओळखी वर्गापुरत्याच राहतील. आणि एखाद्या वेळी मागे राहणाऱ्या मैत्रिणीला किंवा मित्राला घरी घेऊन जा. आधी आईला विचारा, त्या घरी काय खातात-पाळतात ते पाहुण्याला सांगून ठेवा आणि पाहुण्याला काय चालत नाही ते आईला सांगा. आमच्या मुलींमध्ये सर्वांत टिकाऊ मैत्र्या अशा एखाद्या मुक्कामातूनच झाल्या.

बोलवायचं तर नाव घेऊन, दारावर टकटक करून बोलवा. ग्रुपवर ‘कोण येतंय?’ टाकलं की बुजरी मुलं गप्प बसतात. त्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नसावं. ‘सुनीता, तू चल’ या सहा अक्षरी बोलावण्यावर तीच मुलगी चप्पल शोधू लागते.

आणि ज्याला कुणी बोलावलं नाही त्याच्यासाठी: वाट बघत बसू नका. ‘मी येऊ का?’ हा प्रश्न विचारण्यात काहीही कमीपणा नाही. बहुतेक वेळा उत्तर हो येतं, कारण बोलावणं राहून गेलेलं असतं, टाळलेलं नसतं.

रविवारचं रात्रीचं जेवण एकट्यानं करू नका

सगळे कानमंत्र विसरलात तरी हा एक पाळा. रविवारी रात्री खोलीत बिस्किटांवर भागवणं ही सवय दोन-तीन आठवड्यांत लागते आणि तिच्यामागोमाग ‘मला कुणाची गरज नाही’ असं वाटू लागतं. ते खरं नसतं.

एक ठरलेला कंपू करा, तीन-चार जणांचा. दर रविवारी तोच कंपू, पण ताटाशेजारी एक जागा नव्या माणसासाठी ठेवायची. दर वेळी एकानं एखाद्या नवीन चेहऱ्याला घेऊन यायचं. वर्षभरात मजल्यावरची बहुतेक मुलं अशी ओळखीची होतात.

खर्च फार नको. घरून आलेल्या वस्तू एकत्र काढल्या की निम्मं जेवण तयार असतं: कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचा खर्डा, कुणाची सोलापुरी कडक भाकरी, कुणाचं मेतकूट. वर आवारातल्या कँटीनमधून गरम काहीतरी आणायचं. महिन्यातून एकदा फर्ग्युसन रस्त्यावर जा. गुडलकचा बन-मस्का आणि चहा विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपतो. ते कॅफे १९३५ पासून तिथे आहे. रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर बसायला जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून साडेसहाच्या आत पोहोचा.

खोलीत इंडक्शन किंवा हीटर लावून चोरून खिचडी करू नका. जुन्या इमारतींचं वायरिंग असा भार घेत नाही आणि मजल्याला एकच जिना असतो. स्वयंपाकाची परवानगी असलेली जागा रेक्टरांना विचारा; नसेल तर पाचसहा जणांनी मिळून लेखी मागा. सह्या असलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं, हे खुर्चीच्या त्या बाजूला बसलेली मी सांगते आहे.

पैशाचं आधी बोला

टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हा उत्तम रिवाज आहे. फक्त तो निघायच्या आधी बोलून दाखवायचा, बिल आल्यावर नाही. एकानं सगळं बिल भरायचं, बाकीच्यांनी त्याच रात्री झोपायच्या आत यूपीआयनं पैसे पाठवायचे. चाळीस रुपयांवरून मैत्री तुटत नाही. पण तेच चाळीस रुपये तीनदा मागावे लागले तर तुटते.

तुमच्यातल्या काहींचं महिन्याचं गणित शिष्यवृत्तीवर चालतं आणि ती कधी वेळेवर येत नाही. काही जण ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून मेसचे पैसे भरतात. ते स्वतःहून सांगणार नाहीत. ‘मला अभ्यास आहे’ म्हणतील. म्हणून एक शनिवार पैशाचा, तर पुढचा बिनपैशाचा, असा नियमच करून टाका. मग कुणालाही कारण शोधावं लागत नाही.

वाढदिवसाला ‘पार्टी दे’ म्हणून मागे लागू नका. ज्याला द्यायची तो देईल. आणि ते रात्री बारा वाजता उचलून लाथा मारणं, तोंडाला केक फासणं बंद करा. त्यात पाठीला, पोटाला, डोळ्याला गंभीर इजा होतात. मजल्यावरच्या सगळ्यांनी दहा-दहा रुपये काढून एखादं पुस्तक द्या, पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या करून. ते पुस्तक आयुष्यभर राहतं.

आधी पायाखालचं आवार पाहा

बिनपैशाच्या शनिवारची सुरुवात आवारापासून करा. विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला आणि आवार आहे ४११ एकरांचं. मुख्य इमारत ही इंग्रजांच्या काळातलं मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. १९ व्या शतकात बांधलेली. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि तुम्ही ज्याला नुसतं ‘जयकर’ म्हणता ते ग्रंथालय त्यांच्या नावाचं. शनिवारी सकाळी सातला दोघं-तिघं निघा, वडांच्या जुन्या झाडांखालून एक मोठी फेरी मारा आणि कँटीनला पोहे खाऊन परत या. चालताना जे बोलणं होतं ते टेबलाभोवती होत नाही. अबोल माणसाशी ओळख करायची तर त्याला फिरायलाच न्या.

आवारातच ‘आयुका’ आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथले शास्त्रज्ञ सामान्य माणसांशी बोलतात. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनीही जावं. ललित कला केंद्रात नाट्य, संगीत, नृत्य शिकणारी मुलं आपले प्रयोग करतात. त्यांना प्रेक्षक हवे असतात आणि तुम्हाला संध्याकाळ. विभागांचे सूचना फलक दर गुरुवारी वाचत जा. अर्ध्या शनिवारचा प्रश्न तिथेच सुटतो.

पुण्यात आहात तर नाटक-गाणं सोडू नका

पुण्यात विद्यार्थी म्हणून राहायला मिळणं ही मोठी संधी आहे आणि ती संपल्यावरच अनेकांना कळते. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे. विद्यापीठातून बसनं थोडा वेळ. व्यावसायिक नाटकाचं बाल्कनीचं तिकीट काढा. प्रायोगिक काही पाहायचं तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच गाठा. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक येतो. १९६३ पासून भरणारी ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरत नाट्य मंदिरात बघायची, तीही आरडाओरडा करणाऱ्या मुलांच्या मधोमध बसून. स्टेजवरची मुलं तुमच्याच वयाची असतात, आणि बाहेर कट्ट्यावर त्यांच्याशी वाद घालता येतो.

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून घाबरू नका. भारतीय बैठकीचं तिकीट काढा, सोबत शाल आणि पाण्याची बाटली घ्या आणि जाणकार मित्राशेजारी बसा. चित्रपटाची आवड असेल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. पडद्यावरचे जुने सिनेमे फोनवर पाहिल्यासारखे अजिबात नसतात.

कार्यक्रम संपल्यावर लगेच पांगू नका. चहाच्या टपरीवर वीस मिनिटं थांबा आणि प्रत्येकानं आवडलेलं, न आवडलेलं सांगा. वर्गात जो कधी बोलत नाही तो तिथे बोलतो.

गडावर जा, पावसाला मान द्या

सिंहगड प्रत्येकानं एकदा तरी पायी चढावा. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला जाते. आतकरवाडीतून पायवाट आहे. बेताच्या चालीनं तास-दीड तासात वर. रविवारी गाड्यांची रांग लागते, तेव्हा शनिवारी आणि पहाटे निघा. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खा, पण आधी तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी जाऊन या. फेब्रुवारी १६७० मध्ये ज्या कड्यावरून ते गडावर चढले तो कडा डोळ्यांनी पाहिला की इतिहासाच्या पुस्तकातली ओळ वेगळी वाचली जाते.

दुसरा चांगला बेत मळवलीचा. शिवाजीनगर किंवा खडकीहून लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा. एका बाजूला भाजे लेणी आणि लोहगड, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं टिकून आहेत. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. परतीच्या लोकलची वेळ सकाळीच लिहून ठेवा. ती चुकली तर पुढची लवकर नसते.

आता पावसाबद्दल, आणि हे कान देऊन ऐका. ३० जून २०२४ ला, रविवारीच, लोणावळ्याजवळच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं गेली. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसतो, पण वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली लोंढा होऊन येतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की फोटो अर्धवट सोडून काठावर या. गुडघ्याएवढं वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून जाऊ नका. ज्या जागेवर प्रशासनानं बंदी घातली आहे तिथे जायचंच नाही, मग कुणाची रील कितीही चालली असो. आणि वसतिगृहात मागे राहिलेल्या एकाला कुठे चाललो, कोण कोण आहोत, कधी येऊ हे लिहून पाठवा. आपत्तीत ११२ लावा.

नाही म्हणायचं असेल तर एकदाच म्हणा

एखाद्या खोलीत बाटली निघेल, कुणी ग्लास पुढे करेल. ‘मी घेत नाही’ एवढंच म्हणा. कारण देऊ नका. औषध चालू आहे म्हटलं की औषध कधी संपणार हे विचारलं जातं; ‘घेत नाही’ला पुढचा प्रश्न नसतो. जो दुसऱ्यांदा आग्रह करतो त्याच्याबरोबर तिसऱ्यांदा बसू नका. आणि सोबतच्या कुणाला जास्त झाली असेल तर त्याला एकट्याला झोपवू नका. कुशीवर निजवा, जवळ बसा, शुद्ध हरपत असेल तर रेक्टरांना उठवा. रागावण्याचं सकाळी पाहता येतं. रात्री आम्हाला फक्त मूल वाचवायचं असतं.

आठच्या कार्यक्रमाला जाताना परत कसं यायचं ते आधी ठरवा आणि जेवढे गेलात तेवढे परत या. एखादी मैत्रीण ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणाली तरी तिला घेऊन निघा किंवा थांबा. लेट पास लागत असेल तर दिवसा घ्या; गेटवरच्या काकांशी रात्री हुज्जत घालणं त्यांच्यावर अन्याय आहे, कारण नियम त्यांनी केलेला नसतो.

ज्येष्ठ विद्यार्थी मजेच्या नावाखाली काही करायला लावत असतील तर ते रॅगिंग आहे. यूजीसीचे २००९ चे नियम त्याबाबत कडक आहेत आणि १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी त्यासाठीच आहे.

अर्धा दिवस स्वतःचा ठेवा

दोन्ही दिवस माणसांत घालवू नका. शनिवारची दुपार किंवा रविवारची सकाळ आपली ठेवा. कपडे धुवा, चादर बदला, नीट झोपा, जयकरमध्ये जाऊन अभ्यासाबाहेरचं काहीतरी वाचा. एकटं असणं आणि एकटं पडणं यातला फरक ज्याला कळला तो वसतिगृहात सुखानं राहतो.

घरी फोन रविवारी सकाळी करा. संध्याकाळी केला की तिकडे कुकरची शिट्टी ऐकू येते, इकडे मेस बंद असते आणि दोन्हीकडे गळा दाटतो. सकाळच्या फोनवर आई-बाबांना तुमचा हसरा आवाज मिळतो आणि तुम्हाला पुढे अख्खा दिवस. मात्र झोप उडाली असेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, खोलीतून बाहेर पडावंसंच वाटत नसेल, तर वेळ बघू नका. घरी सांगा, रेक्टरांना सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

ज्येष्ठ झालात की

दुसऱ्या वर्षी नवी मुलं येतील. त्यांच्या पहिल्या शनिवारी तुमच्या मजल्यावरच्या दोघा-तिघांना घेऊन निघा. बस कुठे थांबते, रात्री शेवटची कधी असते, कुठल्या दुकानात बादली आणि गादी स्वस्त मिळते, कुठल्या कँटीनचा चहा चांगला, हे दाखवा. त्यांना प्रश्न विचारायला लावू नका. नव्या माणसाला काय विचारायचं हेच माहीत नसतं. मग त्या रविवारी रात्री जेवायला बरोबर बसवा आणि बिल तुम्ही भरा. टीटीएमएम पुढच्या रविवारपासून.